टेस्टरबाईंनी थांबवलेला मेसेज

संस्थेत रुजू झाले त्याच दिवशी साहेबांनी मला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आराखडा तुम्ही झकास कराल, त्याची मला काळजी नाही. फक्त टेस्टरबाईंना सांभाळा. त्या अडून बसल्या की बाकीचे अठराजण त्यांच्या मागे बसतात."

आमची संस्था छोट्या बचती आणि छोटी कर्जं सांभाळणारी. सभासद साडेअकरा हजार, जवळजवळ सगळ्या बायका. कोणी शिवणकाम करणारी, कोणी लॉन्ड्रीत कपडे घड्या करणारी, कोणी चार घरची धुणीभांडी करणारी. सगळा व्यवहार कागदावर चालायचा: पासबुकं, वह्या, पावत्या आणि ते ठेवायला तीन भिंती भरून कपाटं. पुढच्या पाच वर्षांचा आराखडा करायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे हा सगळा कारभार फोनवर आणणं. मी एकतीस वर्षांची, दोन मोठ्या कंपन्यांत काम करून आलेली. कर्मचाऱ्यांचा बदलाला विरोध असतो आणि तो कसा हाताळायचा, यावर माझ्याकडे चाळीस चित्रांचं सादरीकरण तयारच होतं.

दुसऱ्या दिवशी मी ते लावलं. समोर पहिल्याच रांगेत एक ठेंगणी, पन्नाशी ओलांडलेली बाई पर्स मांडीवर घेऊन बसली होती. पर्समधून चष्म्याच्या घराशेजारी विजेच्या टेस्टरचं पिवळं टोक डोकावत होतं, त्यावरून मी ओळखलं, ह्याच त्या. ऑफिसातला पंखा बंद पडो की बैठकीच्या जागचा दिवा, इलेक्ट्रिशियनला फोन करायच्या आधी बाईंचा टेस्टर बाहेर यायचा, म्हणून हे नाव. त्यांच्या तोंडावर सगळे नुसतं 'बाई' म्हणत.

तिसऱ्या चित्रालाच बाईंनी हात वर केला. मी मनाशी म्हटलं, झालं सुरू.

"हे टॅब कधी येणार?"

"साधारण सहा महिन्यांत."

"सहा महिने?" बाई उठल्या, खुर्चीखालची वह्या-पासबुकांची कापडी पिशवी उचलून त्यांनी माझ्या टेबलावर आदळली. "आणि तोवर हे कोणी वाहायचं? सात किलो आहे. भाजीवाल्याकडून वजन करून घेतलंय. रोज तीन बैठका, दोन बस आणि चार जिने. तुमचा टॅब उद्या येत असेल तर उद्या आणा."

उरलेली सदतीस चित्रं मी दाखवलीच नाहीत.

बाई संस्थेत आल्या त्या सभासद म्हणून, सव्वीस वर्षांपूर्वी. त्यांचे यजमान बसडेपोत मेकॅनिक होते आणि डेपो दीड वर्ष बंद पडला होता. बाई तेव्हा लॉन्ड्रीत इस्त्री करायच्या आणि आठवड्याला थोडं बाजूला टाकायला गटात यायच्या. एकदा पासबुकात एका आकड्याची गडबड झाली. बाई थेट संस्था काढणाऱ्या बाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पासबुक पाहिलं, चूक पाहिली, आमच्या बाईंनाही नीट पाहिलं, आणि विचारलं, "नोकरी करशील आमच्याकडे?"

"आधी ही चूक दुरुस्त करा, मग सांगते," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून चौदा गट त्यांच्याकडे. एक लॉन्ड्रीच्या मागच्या बाजूला भरायचा, एक शाळेच्या सायकल स्टँडमध्ये, एक जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात, पायऱ्यांवर. बाई दहा मिनिटं आधी पोचायच्या आणि पहिली पाच मिनिटं पैशाचं नाव काढायच्या नाहीत. कोणाची कंबर, कोणाची सून, कोणाच्या नळाला पाणी नाही, हे सगळं होऊ द्यायचं. मी एकदा घड्याळ लावून म्हटलं, "बाई, ही पाच मिनिटं वाचवली तर दिवसाला एक बैठक जास्त होईल." बाई म्हणाल्या, "आणि त्या बैठकीत काय करू? यांना कर्ज का फेडता येत नाही याचा तपास? तो आत्ताच झाला की फुकटात."

हळूहळू मी त्यांच्या घरीही जाऊ लागले. दोन खोल्या, स्वयंपाकघरात निवृत्त झालेले यजमान फोडणी देताहेत, आणि खिडकीशी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. त्यांना कमी ऐकू यायचं. टेबलावर मिक्सर पोट उघडून पडलेला.

"आमच्या घरात अशी एक वस्तू नाही जिचे स्क्रू हिनं काढले नाहीत," यजमान मला म्हणाले. "एक मीच राहिलोय."

"काय म्हणतोय तो?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणतायत, भाजी छान झालीय," बाई मोठ्यानं म्हणाल्या.

"त्यानंच केलीय, तो दुसरं काय म्हणणार!"

आराखड्यासाठी साहेबांनी बाहेरून एक सल्लागार बोलावले होते. तीन दिवस आम्ही रंगीत चिठ्ठ्यांवर संस्थेचं ध्येय लिहून भिंतीला चिकटवत होतो. भिंत भरली. सर्वसमावेशक, शाश्वत, सक्षम असे शब्द प्रत्येक रंगात तीन-तीनदा आले. बाईंनी तीन दिवसांत एकच चिठ्ठी लिहिली: "बाईला स्वतःचे पैसे किती आहेत ते बघायला मंगळवारच्या बैठकीची वाट बघायला लागू नये." सल्लागारांनी ती वाचली आणि मध्यभागी लावली. आराखड्याचं पहिलं वाक्य तेच झालं. मला ते अजून पाठ आहे, कारण पुढचा घोटाळाही त्याच वाक्याच्या पोटातून निघाला.

पहिला प्रयोग बाईंच्या सहा गटांवर करायचं ठरलं. एकशे अठरा बायका. फॉर्म मी तयार केला होता: दहा रकाने, सुटसुटीत. पाचवा रकाना मोबाईल नंबरचा. बाईंनी नऊ दिवसांत एकशे अठराच्या एकशे अठरा फॉर्म भरून माझ्या टेबलावर ठेवले. एरवी कशालाही पुढे न येणाऱ्या बायकांनाही त्यांनी पटवलं होतं. त्यांत एक होती बटणवाली. एका कपड्यांच्या कारखान्याला बटणं आणि हूक लावून द्यायचं काम ती घरी करायची. पुढचे चार दात पडलेले, म्हणून बोलताना कायम तोंडावर हात. बोलायचीही कमीच. नऊ वर्षांत तिची एक बैठक चुकली नव्हती. ती फॉर्मवर नंबर सांगायला जरा अडखळली, असं बाईंना नंतर आठवलं. पण तेव्हा मागे रांग होती आणि बाई जोरात होत्या.

एका सोमवारी दुपारी बाराला आम्ही बटण दाबलं. एकशे अठरा मेसेज गेले: तुमचं नाव, तुमची शिल्लक. ऑफिसात बिस्किटांचे पुडे फुटले. साहेबांनी माझा हात हातात घेऊन हलवला. बाईंनी लॉन्ड्रीतल्या एका मैत्रिणीला फोन करून विचारलं, "आला का गं? आला? मोठ्यानं वाच बघू!" आणि स्वतःशीच हसत राहिल्या.

मंगळवारच्या बैठकीला बटणवाली आली नाही. बुधवारी सकाळी ती ऑफिसात आली, एकटीच. तिनं पासबुक बाईंसमोर ठेवलं आणि म्हणाली, "सगळे काढायचेत."

छत्तीस हजार दोनशे. नऊ वर्षांचे. बाईंनी विचारलं, "थोडे ठेवायचे का मागे?" तिनं मान हलवली. सही केली, पाकीट घेतलं, दारापर्यंत गेली आणि वळली. तोंडावर हात तसाच.

"बाई, माझ्याकडे फोन नाही. तो त्यांच्या खिशात असतो. तुम्ही नंबर मागितलात म्हणून मी दिला."

ती गेली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "नवऱ्यानं मारलं-बिरलं का तिला?"

"ते मला माहीत नाही. आणि ते काहीही असलं तरी करणारे आपण आहोत." मग त्या उठल्या, कपाटातून एकशे अठरा फॉर्म काढले आणि पाचव्या रकान्यावर बोट ठेवलं. "हा नंबर कोणाचा? एवढंच विचारायचं राहिलं बघ."

तो रकाना माझा होता. मी लगेच फोन उचलला. "मी आत्ताच्या आत्ता सगळ्यांना फोन करून विचारते."

बाईंनी माझं मनगट धरलं. "परत त्याच खिशात फोन करणार?"

मग त्या स्वतः गेल्या. पुढचे आठ दिवस, रोजच्या बैठका करून, एकशे अठरा घरी किंवा कामाच्या जागी. जिथे नवरा, मुलगा घरी असेल तिथे पाणी मागायचं, हवापाण्याचं बोलायचं आणि दुसऱ्या दिवशी परत जायचं. मी निम्म्या ठिकाणी सोबत होते. मला बूट चावले, तर बाई म्हणाल्या, "उद्या चपला घाल. बूट आराखड्याला बरे."

आठ दिवसांनी हिशोब लागला. एकशे अठरा नंबरांपैकी बाईचा स्वतःचा फोन त्रेचाळीस जणींचा. एकतीस नवऱ्यांचे, बावीस मुलांचे, नऊ सुनांचे, आठ शेजारणींचे, चार वाण्याचे आणि एक तर चक्क घरमालकाचा. त्या घरमालकानं दुसऱ्याच दिवशी भाडं वाढवून मागितलं होतं. एकीच्या मुलानं मेसेज वाचून त्याच दुपारी मोटरसायकलचा विषय काढला होता. दोन घरी भांडणं झाली होती. आणि बटणवालीच्या घरी भांडण झालंच नव्हतं. तिचा नवरा बोलायचाच बंद झाला होता.

"त्याला भेटायला हवं," बाई म्हणाल्या.

तो वजनकाटे दुरुस्त करायचा. गल्लीच्या तोंडाशी टपरीएवढं दुकान, आत काटे, पारडी, स्प्रिंगा. आम्ही गेलो तेव्हा एका काट्याची तबकडी काढून बसला होता. सडपातळ, नीटनेटका माणूस. बाईंना ओळखून त्यानं स्टूल पुढे केलं.

"बाई, मी तिचे पैसे घेतलेले नाहीत," त्यानं स्वतःहूनच सुरुवात केली. "तिनं आणून माझ्यासमोर ठेवले. डब्यात आहेत. मी हात लावलेला नाही."

"माहीत आहे."

"बावीस वर्षं झाली लग्नाला. दिवसाची कमाई आणतो आणि तिच्या हातात देतो. चहाला लागले तर तिच्याकडून मागून घेतो. आणि मला फोन सांगतो की हिच्याकडे छत्तीस हजार आहेत. फोन सांगतो! मी काय चोर आहे का, बाई?"

"नाही."

"मग?"

बाई म्हणाल्या, "चूक आमची आहे. तिची नाही आणि तुमचीही नाही. सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे तिनं ठरवायचं होतं. तिच्याआधी आम्ही बोललो. मी माफी मागायला आलेय."

त्यानं हातातली तबकडी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "कशासाठी साठवत होती ती?"

"सव्वीस वर्षांत हा प्रश्न मी कोणत्याच बाईला विचारलेला नाही. तुम्ही विचारा. तुम्हाला अधिकार आहे. फक्त चिडून विचारू नका."

"दहा-बारा दिवस आम्ही बोलतच नाही. एकदम हेच कसं विचारू?"

"मग आधी दुसरं काहीतरी विचारा. मीठ कुठे आहे विचारा."

तो ओठ दाबून हसला. जरासाच, पण हसला. निघता निघता बाईंना राहवलं नाही. त्यांनी त्या उघड्या काट्यात डोकावून विचारलं, "ही स्प्रिंग ढिली पडलीय का?" आणि पुढची दहा मिनिटं ते दोघं स्प्रिंगेबद्दल बोलत होते. मी दारात उभी राहून ऊन खाल्लं.

पुढच्या आठवड्यात संचालक मंडळाची सभा होती. सातजण संचालक, अध्यक्षपदी एक निवृत्त मुख्याध्यापिका, आणि पाहुण्यांच्या खुर्चीत आम्हाला निधी देणाऱ्या संस्थेचे प्रतिनिधी. विषय एकच: एक तारखेपासून हे सगळं साडेअकरा हजार सभासदांना लागू करायचं. निधीचा दुसरा हप्ता त्यावरच अवलंबून होता.

साहेबांनी आकडे मांडले. "एकशे अठरांमध्ये तक्रारी फक्त पाच. कुठल्याही नव्या व्यवस्थेत एवढं चालतं. सुरू करून टाकू, सुधारणा नंतर करत राहू."

बाईंनी पाच मिनिटं मागून घेतली होती. त्या उभ्या राहिल्या. हातात कागद नव्हता.

"सगळ्यांनी आपापले फोन काढा," त्या म्हणाल्या. वर्गात सांगावं तसं. सगळ्यांनी काढले. "बँकेचा शेवटचा मेसेज उघडा. उघडला? आता फोन उजवीकडच्या माणसाच्या हातात द्या, आणि त्यांनी तो मोठ्यानं वाचायचा."

कोणी हललं नाही. एका संचालकांनी फोन हळूच खिशात सरकवला. निधीवाल्या प्रतिनिधींनी आपला टेबलावर पालथा ठेवला. फक्त सगळ्यात वयस्कर संचालक, जे सभेत बहुधा डुलकीच काढत, त्यांनी आनंदानं आपला फोन शेजाऱ्याला दिला. "वाचा, वाचा, माझ्यात काय आहे!" शेजाऱ्यानं वाचलं: शिल्लक एकशे बारा. सगळे हसले, ते स्वतः सगळ्यात जास्त.

हसणं ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही एकमेकांना वीस-वीस वर्षं ओळखता. एकत्र काम करता. तरी फोन देववत नाही, आणि त्यात काही चुकीचं नाही. मी नुसतं विचारलं तरी तुम्हाला अवघडल्यासारखं झालं. आपण पंचाहत्तर घरांत हे न विचारता केलं. फॉर्म मी भरून घेतले. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी नंबर दिले. मला साडेअकरा हजार फॉर्म असे भरून घ्यायला सांगू नका. मी घेणार नाही."

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हे नीट करायला किती वेळ लागेल?"

आराखडा माझा, तारीख माझी, शाबासकीही मला मिळाली होती. साहेब माझ्याकडे रोखून बघत होते. मी म्हटलं, "सहा महिने."

चार विरुद्ध तीन मतांनी काम थांबवायचं ठरलं.

याची किंमत मोजावी लागली नाही असं नाही. निधीचा दुसरा हप्ता अडकला आणि त्या वर्षी कोणाचीच पगारवाढ झाली नाही. साहेब बाईंशी कामापुरतं बोलू लागले, माझ्याशी तेवढंही नाही. रोज बाईंच्या शेजारी बसून जेवणारे रोखपाल दुसऱ्या टेबलावर गेले. त्यांनी घराचं कर्ज काढलं होतं आणि मुलीचं कॉलेज सुरू झालं होतं. बाई दोन दिवस एकट्या जेवल्या, तिसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी वॉचमनच्या केबिनमध्ये डबा उघडायला लागलो.

"तुम्हाला राग नाही येत त्यांचा?" मी विचारलं.

"अगं, त्याची वाढ गेली ती माझ्यामुळे. त्यानं रागावायचं नाही तर कोणी? मी त्याच्या जागी असते तर डबाच पळवला असता त्याचा." मग त्यांनी माझ्या डब्यात बघितलं. "हे काय, परत ब्रेडच? उद्यापासून मी दोन डबे आणते. यांना सांगते."

आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून यजमानांच्या हातचा एक डबा माझ्या नावानं यायला लागला.

सॉफ्टवेअर करणारी मंडळी दुसऱ्या शहरात होती. त्यांच्याकडचा एक प्रोग्रॅमर दर गुरुवारी अकराला पडद्यावर यायचा आणि बाई त्याच्यासमोर वही घेऊन बसायच्या. सुरुवातीला तो माझ्याशीच बोलायचा. महिन्याभरात "बाई आहेत का?" असं विचारायला लागला.

"बाई, हे सिस्टीममध्ये होत नाही," असं तो म्हणाला की बाई पेन खाली ठेवायच्या. "होत नाही म्हणजे नेमकं काय होत नाही, ते सांग बाळा. मला कळेल असं सांग. मी बसलेय." तो सांगायला लागायचा, आणि सांगता सांगता बऱ्याचदा त्यालाच वाट सापडायची.

पाचव्या रकान्याशेजारी एक रकाना वाढला: हा फोन कोणाचा? त्याच्याशेजारी आणखी एक: मेसेज हवा का? उत्तर 'हो' असेल तरच मेसेज जाणार, नाहीतर नाही. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी कोणत्याही फोनवरून एक नंबर लावायचा, आपला सभासद क्रमांक आणि चार आकडी गुपित दाबायचं, की शिल्लक कानात ऐकू येणार. ज्यांना हे काहीच नको त्यांना पासबुक चालू, आणि ते घरी न्यायचं नसेल तर गटप्रमुखाच्या पेटीत ठेवायची मुभा. पासबुक ठेवायला सल्लागारांचा विरोध होता. त्यांना ते मागासलेपण वाटत होतं. बाई म्हणाल्या, "ठेवा की हो. ज्या दिवशी एकही बाई मागणार नाही त्या दिवशी आपोआप बंद होईल." ते वाक्यही मी आराखड्यात घातलं.

गुपित आकड्यांनी मात्र बाईंना घाम फोडला. सायकल स्टँडच्या गटातली एक आजी दर आठवड्याला आपला आकडा विसरायची आणि नवा ठेवायची. शेवटी बाईंनी विचारलं, "आजी, तुम्ही कधीच विसरणार नाही अशी कोणती तारीख आहे?" आजी म्हणाल्या, "जावेनं माझी कढई परत केली नाही तो दिवस." तो आकडा टिकला.

सहाचे साडेसात महिने झाले. पण त्याआधीच, एका सकाळी ऑफिस नुकतंच उघडलेलं असताना, बटणवाली आली. मागून तिचा नवरा. तो आत आला नाही, बाहेरच्या पायरीवर बसला. बाई दारात गेल्या. "अहो, आत या की, चहा घ्या."

"नको," तो म्हणाला. "तिचं काम आहे. मी इथे बरा आहे."

बटणवालीनं पाकीट टेबलावर ठेवलं. एकवीस हजार. बाईंनी काही विचारलं नाही, फॉर्म पुढे केला. तीच सांगायला लागली, सवयीनं तोंडावर हात ठेवून.

"त्यांनी एक दिवस मला विचारलं, मीठ कुठेय. डबा समोरच होता बाई! मी दिला. मग म्हणाले, पैसे कशाला साठवलेस. मी म्हटलं, दातांसाठी. तर बघतच बसले. म्हणाले, दात? एवढंच? मला वाटलं तू मला सोडून निघालीस की काय." ती हसायला लागली आणि हसता हसता तिचा हात खाली आला. वरच्या ओळीत चार नवे दात होते, बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच पांढरे. "ते स्वतः आले दवाखान्यात. डॉक्टरशी घासाघीस केली. मला लाज वाटली."

"मग आधीच का नाही सांगितलंस त्यांना?" मी विचारलं. मी विचारायला नको होतं.

ती गोंधळली. "सांगितलं असतं तर त्यांनी कुठूनतरी उसने आणून लगेच करून दिले असते. मला माझ्या पैशांनी करायचे होते."

बाईंनी पावती फाडली, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "चावतात का नीट?"

"बोचतात मेले."

"बोचणारच. पंधरा दिवस मऊ खा."

पुढे काम सगळ्या गटांत गेलं आणि नीट चाललं. अडलेला हप्ता आला, उशिरा, पण आला. पुढच्या वर्षीची पगारवाढ झाली आणि रोखपाल एका दुपारी आपला डबा घेऊन वॉचमनच्या केबिनमध्ये येऊन बसले. बाईंनी त्यांना सरकून जागा दिली. दुसऱ्या दोन संस्थांची माणसं आमची पद्धत बघायला आली, तेव्हा साहेबांनी ती 'आमची मूळ कल्पना' म्हणून समजावून सांगितली. मी बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत खोकल्याचं निमित्त करून हसू दाबत होत्या.

त्यांना प्रशिक्षण विभागाचं प्रमुख केलं. त्यांनी ते पद एका अटीवर घेतलं, लॉन्ड्रीमागचा आणि जिन्यातला असे दोन गट आपल्याकडेच राहतील. निवृत्तीच्या दिवसापर्यंत ते राहिले. सासूबाई त्याआधीच्या हिवाळ्यात गेल्या, झोपेतच. तेव्हा मी भेटायला गेले तर यजमान स्वयंपाकघरात एकटेच उभे होते आणि बाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून. एवढं शांत त्यांचं घर मी कधी पाहिलं नव्हतं.

मी आता दुसऱ्या संस्थांचे आराखडे करते. चांगल्या चपला घालून फिरते. बाई आणि यजमान गेल्या महिन्यात पहिल्यांदाच लांबच्या प्रवासाला निघाले आहेत, दोघंच, महिन्याभरासाठी, आगगाडीनं. जातील तिथून मला आवाजाचे निरोप येतात. कधी पुलाखालची नदी किती रुंद आहे ते, कधी लॉजमधल्या गाद्या किती कडक आहेत ते. काल एक निरोप आला. वाऱ्याचा प्रचंड आवाज, त्यात मधेच बाई: "अगं, आम्ही समुद्रावर आहोत. यांची टोपी उडाली. हे धावतायत तिच्यामागे. थांब, मी आलेच!" आणि मग नुसता वारा, आणि लांबवर दोघांचं हसणं.